एकतिसावी कडी

गाळ्यात दोन लेथ होते, एक नवं ग्राइंडिंग मशीन आणि तीन पंखे, त्यांतला एक बंद. भिंतीवर वेलंकनी मातेची तसबीर, खाली लाल दिवा. कपाटावर क्लॅरिनेटची काळी पेटी. टेबलावर पांढऱ्या कापडावर पोलादी कड्या मांडलेल्या, पाच-पाचच्या सहा रांगा. सातव्या रांगेत एकटीच एक कडी, तिला लाल दोरा बांधलेला.

बँकेला दिलेल्या तक्त्यात तीस कड्या लिहिल्या होत्या. मी पुन्हा मोजल्या. एकतीस.

"क्लेमेंटभाई, एक जास्त भरतेय."

"कमी भरली तर बोला ना, मॅडम. जास्तीचा बँकेला काय त्रास?"

क्लेमेंट तुस्कानो पंचावन्नच्या आसपासचे. घर राजोडीला, केळी-नारळाच्या वाडीत. सातिवलीच्या या गाळ्यात त्यांनी पंधरा वर्षं पाण्याच्या पंपांचे बुश बनवले. मग २००६ मध्ये एका व्यापाऱ्यामार्फत त्यांना परदेशातली ऑर्डर मिळाली: दुधातून साय वेगळी काढणाऱ्या यंत्रासाठी दोनशे कड्या. नव्या मशीनसाठी आणि खास पोलादासाठी आमच्या बँकेने कर्ज दिलं. तारण राजोडीची वाडी. कर्जाचा दुसरा हप्ता सोडण्याआधी तयार माल मोजून यायचा, हे माझं काम. मी वसई पूर्वेच्या शाखेत आठ महिन्यांपूर्वी अधिकारी म्हणून लागले होते. त्याआधी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. शाखेत त्याचा उपयोग अजून कुणाला सापडला नव्हता.

"ती मोजू नका," मेणकागदात कड्या गुंडाळत बसलेल्या रेजिनाआंटी म्हणाल्या. त्या क्लेमेंटभाईंच्या पत्नी. "ती माहेरी परत आलेली आहे."

क्लेमेंटभाईंचा चेहरा पडला. "सहा कड्या नमुना म्हणून पाठवल्या होत्या. पाच ठेवून घेतल्या, ही परत आली. विमानाने. कडीच्या किमतीहून भाडं जास्त झालं असेल."

"बिघाड काय होता?"

"सांगतो."

त्यांनी छताच्या हुकाला लोंबणाऱ्या दोऱ्यात रांगेतली एक कडी अडकवली आणि लाकडी पेन्सिलीने तिच्यावर हलकेच टिचकी मारली.

शेजारच्या गाळ्यात बांगड्यांचे खोके भरणं चालू होतं, बाहेर टेम्पो मागे घेत होता. तरी तो सूर स्वच्छ ऐकू आला. एकच सूर, सरळ, ताणलेल्या तारेसारखा. तो हळूहळू बारीक होत गेला, पण कुठे हलला नाही. तो संपला नेमका कधी, हे मला सांगता येईना. मी आपली वही हातात धरून उभी होते.

मग त्यांनी लाल दोऱ्याची कडी अडकवली आणि टिचकी मारली. हाही सूर गोड होता. पण तो वर-खाली होत होता, मोठा, लहान, मोठा, लहान.

"ऐकलं? रडते," क्लेमेंटभाई म्हणाले.

"याला बायकोचा आवाज दोन हातांवरून ऐकू येत नाही," रेजिनाआंटी कागदाची घडी घालत म्हणाल्या, "कडी रडलेली बरोबर ऐकू येते."

मला मात्र ते रडणं ओळखीचं होतं. भौतिकशास्त्रात त्याला विस्पंद म्हणतात. कडी सगळीकडून अगदी सारखी असेल तर ती एकाच सुरात वाजते. कुठे किंचित जाड, किंचित पातळ असेल, तर तिच्यातून अगदी जवळजवळचे दोन सूर निघतात आणि ते एकमेकांत मिसळून आवाज असा चढ-उतार करतो. मी घड्याळ लावून मोजलं. दर दोन सेकंदांना तीन विस्पंद.

"तुम्ही प्रत्येक कडी अशी तपासता?"

"दुसरं कसं तपासणार? त्यांनी पहिल्यांदा नमुन्याची एक कडी दिली होती. मी ड्रॉइंग बघतच नाही, मॅडम. माझ्या बापाने मला नमुन्यावरून काम करायला शिकवलं. त्यांची कडी वाजवली, क्लॅरिनेटवर सूर पकडला आणि माझी प्रत्येक कडी त्या सुराला आणून सोडली. ही एक घाईत गेली." समोर बसलेल्या माणसाबद्दल बोलावं तसे ते कौतुकाने म्हणाले, "पण बघा, त्या माणसाने पकडली. मी गावच्या बँडमध्ये तीस वर्षं वाजवतोय, लग्नांत, सणांत. इतका तयार कान मी पाहिला नाही. आणि धंदा काय, तर दुधाचा."

मी ड्रॉइंग मागितलं. ते ड्रॉवरच्या तळाशी, जुन्या कॅलेंडरखाली होतं, घडीही न मोडलेलं. त्यावर मापात किती फरक चालेल याची दिलेली सूट बघितली आणि त्यांच्याच डायल गेजवर लाल दोऱ्याची कडी फिरवून पाहिली. सुई हलली, पण जितकी हलायला परवानगी होती त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नाही.

ड्रॉइंगप्रमाणे ती कडी उत्तम होती.

"मग परत का पाठवली?" मी विचारलं.

"सांगितलं ना. रडते म्हणून."

* * *

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गणित मांडलं. ड्रॉइंगपेक्षा दहापट बारीक दोष शोधायचा, तर कडी ऐकून तरी शोधता येतो किंवा फिरवून. ऐकणारा क्लेमेंटभाईंसारखा दुसरा माणूस समुद्रापलीकडे दूध विकत असेल, हे शक्य होतं. पण फिरवणारा जास्त शक्य होता. मग कडी किती वेगाने फिरवली की इतका लहान दोष जाणवेल?

मी धरून चालले की कडीचा काठ आवाजाच्या वेगाने पळतोय आणि तिची त्रिज्या दहा सेंटिमीटर आहे. उत्तर आलं तेव्हा दशांश चिन्ह चुकलं असं वाटून पुन्हा केलं. बरोबर होतं. त्या वेगाला काठावरचा एक ग्रॅम धातू एकशे अठरा किलोंच्या वजनाने बाहेर ओढतो. चिमूटभर धातू एका बाजूला जास्त असेल, तर एका बाजूला माणूस लटकल्यासारखं होईल आणि यंत्र स्वतःचेच तुकडे करील.

दूध इतक्या वेगाने कुणी फिरवत नाही. साय त्याहून कितीतरी कमी वेगाला वेगळी होते.

इतक्या वेगाने काय फिरवतात, ते आम्हाला शेवटच्या वर्षी शिकवलं होतं. युरेनियमचे दोन प्रकारचे अणू असतात. रसायनाच्या दृष्टीने सारखेच, ॲसिडला फरक कळत नाही, आगीला कळत नाही. फक्त एक किंचित हलका. वायू केला तर दोघांतला फरक शंभर किलोंमागे एक किलोपेक्षा कमी. तेवढ्या फरकावर त्यांना वेगळं करायचं, म्हणून उभ्या नळ्या भयानक वेगाने फिरवतात. एका नळीत होत जवळजवळ काहीच नाही. ती आपलं जवळजवळ काहीच नसलेलं काम पुढच्या नळीला देते, ती तिच्या पुढचीला. अशा हजारो नळ्या, रात्रंदिवस. शेवटी जे हातात येतं त्यावर एक शहर वर्षानुवर्षं उजेडात राहू शकतं, किंवा क्षणात नाहीसं होऊ शकतं.

परीक्षेत या प्रश्नाला मला दहापैकी नऊ गुण होते. तेव्हा ते फळ्यावरचं चित्र होतं. आता त्यातला एक तुकडा माझ्या ओढणीच्या टोकाला ग्रीसचा डाग लावून गेला होता. मी डबा न उघडता तसाच बंद ठेवला.

जयवंत सर आमचे शाखाप्रमुख. कर्ज त्यांच्याच सहीचं होतं. मी सगळं सांगितलं, पैसे पाठवणारी कंपनी यंत्रांची नसून खजुराची आहे, हेही सांगितलं. मुख्य कार्यालयाचं परिपत्रक पुढे ठेवलं: सर्वसंहारक शस्त्रांच्या कामी येऊ शकेल अशा मालासाठी पैसा जाऊ नये, शंका आल्यास वर कळवावं.

"हे मोठ्या शाखांसाठी असतं, ज्ञानदा," ते म्हणाले. "वसईत सर्वसंहारक म्हणजे डास."

"सर, ती कडी दुधासाठी नाही."

"कशावरून? तू ऐकलंस म्हणून?" त्यांनी चष्मा काढला. "तुला मी माल मोजायला पाठवलं, मैफिलीला नाही. बरं, थांबवला हप्ता. ऑर्डर गेली. तीन महिन्यांत खातं बुडीत, मग वाडीवर नोटीस मीच चिकटवायची. रेजिनाबाई दर नाताळला शाखेत केक पाठवतात. मी त्यांना काय सांगू, तुमची कडी फार सुंदर वाजते म्हणून?"

त्यांचं चुकत नव्हतं. माझ्याकडे एक आकडा होता आणि एक आठवण होती.

"मला एक गोष्ट दाखव," ते चष्मा पुन्हा लावत म्हणाले. "दुधाच्या यंत्राला असली कडी लागत नाही, एवढंच. कागदावर नको. डोळ्यांना दिसेल अशी."

* * *

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही तिघे रिक्षाने तुळिंजला गेलो. जयवंत सर, मी आणि मांडीवर दोन कड्या घेऊन क्लेमेंटभाई. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की साय काढायचं चालू यंत्र बघायचं आहे. ते खुशीत होते. आपली कडी जिथे बसणार ती जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

श्रीपतची डेअरी बाजाराच्या तोंडाशीच आहे. तो मिठागराकडच्या गावचा, अंगाने आडवा, बोलण्यात घाई. सकाळचं दूध होऊन यंत्र नुकतंच थांबलं होतं.

"बँकवाले तिघं-तिघं?" तो म्हणाला. "मी कर्ज घेतलं नाय हां."

"म्हणूनच आलो, घे म्हणून सांगायला," जयवंत सर म्हणाले.

श्रीपतने यंत्राचं भांडं उघडलं आणि ते आवळून धरणारी कडी काढून क्लेमेंटभाईंच्या हातात दिली. कडीला एका बाजूला खोलगट पोचा होता, दुसऱ्या बाजूला हातोडीचे घाव.

"ही कधी पडली?"

"गनपतीत. नाय, त्याच्या आदल्या गनपतीत. वाकली होती, ठोकून सरळ केली."

"आणि यंत्र चालतं?"

"चालतं म्हंजे? साय निघते ना." त्याने बोट घालून सायीचा गोळा काढला आणि स्टीलच्या ताटलीत आमच्यापुढे ठेवला, वर साखर. "थोडी थरथरते. त्याला काय, मीपन थरथरतो थंडीत."

क्लेमेंटभाईंनी खिशातला दोरा काढला. श्रीपतची कडी बांधून हातात उंच धरली, पेन्सिलीने टिचकी मारली. पत्र्याच्या डब्यासारखा आवाज झाला. मी घड्याळ धरलं. सेकंदाला नऊ विस्पंद मोजले, आणि दुसऱ्या सेकंदाला मोजायला काही उरलं नाही.

मग त्यांनी लाल दोऱ्याची, परत आलेली कडी वाजवली. बाजारात भाजीवाल्या ओरडत होत्या, त्यामधूनही तो सूर चढत-उतरत बराच वेळ चालला. मग चांगली कडी. श्रीपतसुद्धा हातातलं फडकं घेऊन थांबला. सूर सरळ निघून गेला.

क्लेमेंटभाई कड्यांकडे बघत राहिले. श्रीपतची त्यांनी अंगठ्याने चाचपली, पोच्यावरून बोट फिरवलं.

"हिच्यावर साय निघते," ते म्हणाले.

"दोन वर्षं," श्रीपत म्हणाला.

"मग माझी कडी ऐकतंय कोण?"

जयवंत सरांनी माझ्याकडे बघितलं.

डेअरीच्या बाकावर बसून मी त्यांना सांगितलं. नळ्या, वेग, दोन जवळजवळ सारखे अणू, हजारो नळ्यांची रांग. ग्रॅमाला एकशे अठरा किलो. मी शक्य तितकं सोपं सांगत होते, आणि सांगता सांगता मलाच पुन्हा थक्क व्हायला होत होतं, की हे माणसांना सुचलं, जमलं, आणि त्यातला इतका अवघड भाग क्लेमेंटभाईंनी सातिवलीत, ड्रॉइंग न उघडता केला.

माझं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "नक्की?"

"नक्की नाही. मला इतकंच नक्की माहीत आहे की हे दुधासाठी नाही. आणि घेणाऱ्याने दुधासाठी म्हणून सांगितलंय."

"मी दुसऱ्या बँकेत गेलो तर?"

"जाऊ शकता," जयवंत सर म्हणाले. "मी वर कळवणार. पण वरच्यांना वेळ लागतो. त्याआधी माल निघून जाईल."

"दुसरी बँक असली एम.एस्सी. पाठवेल मोजायला?"

"नाही."

"म्हणजे पैसे मिळतील."

"मिळतील."

क्लेमेंटभाईंनी दोन्ही कड्या कापडात गुंडाळल्या. "बेचाळीस वर्षं मशीनवर आहे," ते म्हणाले. "पहिल्यांदा कुणीतरी माझं काम बरोबर ऐकलं होतं." मग ते उठले आणि आमच्या रिक्षात न बसता चालत निघून गेले. सायीची ताटली तशीच राहिली. श्रीपतने ती उचलून जयवंत सरांच्या हातात दिली. "खा. नायतर माशी बसंल."

* * *

मला वाटलं होतं, ते आता दिसणार नाहीत. दुसऱ्या दिवशी शाखा उघडली तेव्हा ते आणि रेजिनाआंटी दारात उभे होते. दोघांच्या मध्ये वेताची पाटी, ज्यातून त्यांच्या वाडीतला मोगरा बाजारात जातो तीच. वर केळीचं पान झाकलेलं. जयवंत सरांच्या टेबलावर पाटी ठेवताना टेबल करकरलं.

पान काढलं. कड्या होत्या. मी सवयीने मोजल्या. एकतीस.

"रात्री मी याला बोलले," रेजिनाआंटी म्हणाल्या, "तुझी कडी कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन वाजणार असेल, तर मला तिच्या पैशाचं घर नको. हा बोलला, वाडी जाईल. मी बोलले, वाडी बँकेची झाली तरी तिथे नारळच लागणार."

"मी असं बोललो नाही," क्लेमेंटभाई म्हणाले.

"तू काहीच बोलला नाहीस. क्लॅरिनेट घेऊन ओट्यावर बसला होतास. वाजवत पण नव्हतास."

जयवंत सरांनी पाटीवर हात ठेवला, जणू ती तापलीय का ते बघत होते. मग त्यांनी फोन उचलला आणि मुख्य कार्यालयाला लावला. चार वेळा त्यांना दुसऱ्या खात्याकडे पाठवलं. पाचव्या माणसाला त्यांनी सांगितलं, "नाही, डासांबद्दल नाही. लिहून घ्या."

आठवडाभराने दोन सरकारी अधिकारी शाखेत आले. एकाने कागद बघितले: खजुराच्या कंपनीचा पैसा कुठल्या कुठल्या बँकांतून आला, व्यापारी कोण, माल कुठल्या बंदराला जाणार होता. दुसरा केस पिकलेला, कमी बोलणारा होता. त्याने एक कडी मागितली, क्लेमेंटभाईंचा दोरा घेतला आणि खिडकीच्या गजाला कडी टांगून स्वतः टिचकी मारली. सूर संपेपर्यंत त्याने मान खालीच ठेवली. मग कडी सोडवून दोन्ही हातांनी कापडावर ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

"किती बनवल्या होत्या?"

"एकूण छत्तीस," क्लेमेंटभाई म्हणाले. "पाच गेल्या."

"पाच," तो म्हणाला आणि जोडीदाराकडे बघितलं. "दोनशे गेल्या असत्या तर..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. कड्या कुठे पोचणार होत्या, असं जयवंत सरांनी विचारलं, तेव्हा त्याने चहा चांगला झालाय म्हणून सांगितलं.

कड्या, ड्रॉइंग आणि उरलेलं पोलाद ते घेऊन गेले. ऑर्डर संपली. व्यापाऱ्याचा फोन पुन्हा लागला नाही.

कर्ज राहिलंच. ग्राइंडिंग मशीन विकून अर्ध्याच्या आसपास फिटलं. बाकीचं सात वर्षांत फेडायची मुदत जयवंत सरांनी वर भांडून मिळवली. त्यासाठी ते दोनदा मुख्य कार्यालयात गेले, आणि दुसऱ्या वेळी परत आले तेव्हा मला म्हणाले, "तुझा तो एकशे अठराचा आकडा मी तिथे पाठ म्हणून दाखवला. कुणाला कळला नाही. पण घाबरले." वाडी अजून तारण आहे. मोगऱ्याचे पैसे रेजिनाआंटी स्वतः खात्यात भरतात आणि भरताना माझ्याकडे पावतीबरोबर कडीची चौकशी करतात, जणू ती एखादी नातेवाईक होती.

पुढच्या वर्षी मी तपासणीला पुन्हा सातिवलीला गेले. गाळ्यात दोन लेथ होते. ग्राइंडिंग मशीनच्या जागी जमिनीवर चार बोल्टची भोकं. पंखे तीन, आता तिन्ही चालू. लाल दिवा, क्लॅरिनेटची पेटी. टेबलावर पंपांचे बुश, एकशे वीस. तक्त्यातही एकशे वीस.

एका कोपऱ्यात मेणकागदात एकच कडी होती, साध्या पोलादाची. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, श्रीपत.

"ती मोजू नका," क्लेमेंटभाई लेथवरून मान न वळवता म्हणाले. "तिचे पैसे घेणार नाही मी. तीन वर्षं ठोकलेल्या कडीवर साय काढतो माणूस, लाज वाटते."

"ऐकू का?"

त्यांनी लेथ बंद केला. रेजिनाआंटींनी पंखे बंद केले.

मी कडी हुकाच्या दोऱ्यात अडकवली. एकाच जागी टिचकी मारली तर दोष लपू शकतो, म्हणून चार वेगवेगळ्या ठिकाणी मारली आणि दर वेळी घड्याळ लावून वीस सेकंद मोजलं.

विस्पंद शून्य.